न्हाणीच्या पाण्यावरची मेथी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, पौष शुद्ध तृतीया

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

सिद्धलिंगचे शरणार्थ. आमच्या सिद्धम्माअक्कालाही शरणार्थ सांगावे. (नुसते सांगावे. पत्र तिच्या हाती देऊ नये. पत्रात माझ्या पोटाचा विषय आहे आणि धाकट्या भावाचं पोट म्हटलं की ती उगाच घाबरते.)

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? नदीकाठच्या मळ्यातल्या पालकाची पानं सुपाएवढी झाल्याचं आपण मागच्या पत्रात कळवलंत. दिवाळीच्या पत्रात ती ताटाएवढी होती, म्हणजे प्रगती चांगली आहे. रेल्वेत गार्ड म्हणून उभा जन्म हिरवी झेंडी दाखवण्यात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एवढं हिरवं लाभावं, हा त्या झेंडीचाच आशीर्वाद म्हणायचा. आपलं पत्र आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं. पालकाचा भाग आमच्या सौ. शिवकांतेनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. सध्या लातुरात हिरवं असं वाचायलाच मिळतं.

इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. लातूर जिल्हा झाला त्याला आता काही वर्षं झाली. पूर्वी साध्या दाखल्यासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता सगळं दारात आलं. ऑफिसं आली, जीपा आल्या, पाट्या आल्या, तिकडून बदलून हेडक्लार्क म्हणून मीही आलो. फक्त पाणी आलं नाही. नळाला पाणी कधी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. आम्ही रोज सकाळी तोटी फिरवतो, ती थोडा वेळ फुसफुसते आणि गप्प बसते. दाजी, आपल्यापासून काय लपवायचं, माझ्या पोटाचंही अगदी असंच चाललं होतं. मी रोज सकाळी नेमानं जाऊन बसायचो आणि थोड्या वेळानं नुसता विचार करून परत यायचो.

उपाय काय कमी झाले? हिरडा झाला, त्रिफळा झाला, तूप घालून गरम दूध झालं. एरंडेल तर असं झालं की माझ्या अंगाला बैलगाडीच्या आखासारखा वास यायला लागला. ऑफिसात ही बातमी कशी फुटली देव जाणे (मला शंका आमच्या शिपायाची, व्यंकटीची आहे), पण सकाळी मी खुर्चीवर बसलो की सगळे टेबलाभोवती जमायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली की हळहळत आपापल्या जागी जायचे. इतकं प्रेम मला बढतीच्या वेळीसुद्धा मिळालं नव्हतं. शेवटी शिवकांतेनं मला डॉक्टर मार्तंडरावांकडे नेलं. हे नव्या जिल्ह्याबरोबर नवेच आलेले, मूळचे कोकणाकडचे. त्यांनी पोट ठोकून पाहिलं (फणस पिकला का बघतात तसं) आणि म्हणाले, तुमच्या आतड्यांना चोथा मिळत नाही, भाकरीबरोबर रोज दोन वाट्या पालेभाजी खा, माठ खा, चाकवत खा, अळू खा. अळू कुठं मिळेल असं विचारलं, तर म्हणाले, परसात लावा की, सांडपाण्यावर येतं. आता या भल्या माणसाला कसं सांगावं की आमच्या घरी पाणी सांडत नाही. सांडलंच तर घरात चौकशी बसते.

मग मी गंजगोलाईत भाजी शोधायला गेलो. आपण लातूरची मंडई पूर्वी पाहिली आहे. आता तिथं कांदे आहेत, वाळलेल्या मिरच्या आहेत, आणि बाकी सगळीकडे भाजीवाल्या एकमेकींशी बोलत बसलेल्या आहेत. एका म्हातारीनं ओल्या गोणपाटाखाली काहीतरी झाकलं होतं. मी विचारल्यावर तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि सराफ नथ दाखवतो तशी पोतं उचलून मेथीची एक जुडी दाखवली. जुडी म्हणजे दात घासायच्या काडीला पानं फुटल्यासारखी. मी वाकून नुसता वास घेतला, तर म्हातारी कडाडली, "वास घिऊ नगा, सुकती ती!" मी ती जुडी घेतली. घरी पाच माणसांत वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला एक देठ आणि खूपसा लसूण आला.

तेव्हा शिवकांतेनं ठरवलं की भाजी आपणच पिकवायची. न्हाणीघराच्या मागं भिंतीलगत तिनं खाटेएवढा वाफा केला. त्यात मेथी, पोकळा, चुका आणि कडेनं करडई. पाणी कुठून? तर आमच्या आंघोळीचं. न्हाणीघर बंद झालं आणि वाफ्याच्या उशाला एक दगड मांडला गेला. घरातल्या प्रत्येकानं त्या दगडावर बसून, अर्ध्या बादलीत, उघड्यावर आंघोळ करायची. साबण बंद (मेथीला सोसत नाही). शिकेकाई बंद (पोकळ्याला सोसत नाही). अंगाला हरभऱ्याचं पीठ लावायला परवानगी होती, तेही चिमूटभर. मी पाणी अंगावर घ्यायला लागलो की शिवकांता खिडकीतून सूचना द्यायची. डाव्या खांद्यावर घ्या, करडई कोरडी राहिली. जरा चुक्याकडे सरका. पाठीवरून सोडा, हळू सोडा, बी वाहून जाईल. दाजी, वीस वर्षं मी सरकारी नोकरी केली, पण पाटबंधारे खातं अंगावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. अंग स्वच्छ झालं की नाही याची चौकशी त्या घरात कुणीच करत नव्हतं.

पण खरं सांगतो, मेथी उगवली त्या सकाळी मी दगडावर बसल्या बसल्या रडलो. (ते पाणीही वाया गेलं नाही.) एवढी चिमुकली दोन दोन पानं, आणि सगळ्या गल्लीत तेवढंच हिरवं. शेजारपाजारचे लोक पाहुणे घेऊन बघायला येऊ लागले. पंधरवड्यात वाफा भरून आला आणि मी वाटी घेऊन उभा राहिलो. शिवकांतेनं माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि म्हणाली, येळवशीच्या भज्जीआधी यातलं एक पान तुटायचं नाही.

आपण नांदेडात नदीकाठी राहता, तिथं येळवशीला आमच्याएवढा जोर नाही, म्हणून आठवण करून देतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं लातूर कुलपं लावून शेतात जातं. कडब्याची कोपी उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच खडे पांडव म्हणून मांडायचे, मग ताकातली आंबील आणि भज्जी. भज्जीत रानातल्या झाडून सगळ्या शेंगा आणि सगळा पाला पडतो. ज्याला शेत नाही त्याला दहाजणांचं बोलावणं असतं. मला एरवी इतकी बोलावणी यायची की एकाच्या शेतात आंबील, दुसऱ्याच्या शेतात भज्जी आणि तिसऱ्याच्या शेतात झोप असं वाटून घ्यावं लागायचं. यंदा एकाचंही आलं नाही. कुणाच्याच शेतात दाखवण्यासारखं काही नव्हतं. शिवकांता म्हणाली, शेत नाही तर वाफा आहे, येळवस परसात करायची. व्यंकटीनं चाकूरजवळच्या आपल्या गावाहून कडब्याच्या दोन पेंढ्या एसटीच्या टपावर टाकून आणल्या. (कंडक्टरनं त्यांचं तिकीट मागितलं, एवढा यंदा कडब्याला मान.) त्यांची मी कोपी बांधली. कोपी कसली, मोठी छत्रीच. पण वाफ्याच्या कडेला ती शोभून दिसत होती.

आता इथं नागुबाईची गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नागुबाई आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोलीत एकटी राहते, दालमिलात डाळ निवडायला जाते. तिच्याकडे देवणीची एक गाय आहे. बाप वारल्यावर माहेराहून वाट्याला आलेली ही एवढीच चीज. अंग पांढरंशुभ्र आणि तोंड दोन्ही बाजूंनी काळं, म्हणून नाव वानेरी. एके काळी गल्लीतली माणसं तिला बघायला यायची. यंदा तिच्या बरगड्या लांबून दिसायच्या. मिलातलं टरफल मिळेल तितकं नागुबाई आणायची, पण तेही आता दुसऱ्यांनी धरून ठेवलं होतं. मी आंघोळीला बसलो की वानेरी भिंतीवरून मान काढायची आणि वाफ्याकडे बघत उभी राहायची. आवाज नाही, काही नाही, नुसतं बघणं. मी तिला हाड हाड करायचो, एकदा तर भिंतीवर गोणपाटाचा पडदाही लावला. तिनं तो खाल्ला.

त्यात एक दलाल गल्लीत येऊन गेला. गाय घेणारा माणूस आधी दूध विचारतो, वेत विचारतो. यानं काहीच विचारलं नाही. नुसता पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवून अंदाज घेत होता. नागुबाईला कळलं, आम्हालाही कळलं. येळवस होऊ दे, मग ने, एवढं तिनं त्याला सांगितलं. त्या दिवशी शिवकांता जेवली नाही. मी जेवलो, कारण मला डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हटलं होतं.

येळवशीची सकाळ झाली. आम्ही पांडव मांडले, आंबिलीची मातीची बिंदगी कोपीत ठेवली. पूजेनंतर शिवकांता पाला खुडणार, भज्जी शिजणार आणि दोन वाट्या माझ्या पोटात जाणार, असा सगळा बेत होता. आता राहिली फक्त आंबील शिंपडायची. आपल्याला ठाऊक आहे, शेताभोवती आंबील शिंपडत फिरायचं आणि मोठ्यानं "ओलगे ओलगे, सालम पलगे" म्हणायचं. (याचा अर्थ आमच्या घरात कुणाला माहीत नाही. वडील म्हणायचे कानडी आहे, आणि ज्याला कानडी येतं तो म्हणतो मराठी असेल.) शेत एवढंसं, तर निदान आवाज तरी मोठा असावा म्हणून मी छाती फुगवून पहिली आरोळी ठोकली.

त्याबरोबर भिंतीपलीकडे दावं तुटल्याचा आवाज आला. भिंत एका कोपऱ्यात ढासळलेली आहे, तिथून वानेरी आत आली. धावत नाही, उधळत नाही, बोलावलेल्या पाहुण्यासारखी सरळ चालत आली. तिनं आधी कोपीची मागची बाजू खाल्ली, मग पुढची. पांडव उघड्यावर पडले. मग ती वाफ्याकडे वळली. मी काठी उचलली. दाजी, खरं सांगतो, मी मारणार होतो. माझी मेथी होती ती, माझ्या पाठीवरून ओघळलेल्या पाण्यावर वाढलेली. पण शिवकांतेनं काठी धरली आणि म्हणाली, "येळवशीला शेतात आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत. आन् हिला तर तुम्हीच वरडून बोलावलं."

तेवढ्यात नागुबाई धावत आली. कपाळ बडवून घेतलं, गाईला मारायला हात उचलला आणि तिच्याच गळ्यात पडून रडायला लागली. म्हणाली, "सायेब, मुकं जनावर हाय, तिची चूक न्हाई. आमचा बाप येळवशीला हीच आरोळी द्यायचा. आरोळी झाली की पयला घास हिला चारायचा. वासरू होती तवापासनं. तुमचा आवाज ऐकून तिला वाटलं असंल, आबा आला." मी काठी खाली ठेवली. शिवकांतेनं स्वतःच्या हातानं उरलेली करडई उपटून तिच्यापुढं टाकली. नंतर वानेरी त्या मोकळ्या वाफ्यातच बसली आणि डोळे मिटून रवंथ करत राहिली. पाल्याचं एक पान नसलेली, नुसत्या डाळींची आणि बेसनाची भज्जी आम्ही नागुबाईला घेऊन खाल्ली. वर आंबील मात्र पोटभर प्यालो. ती गाईला आवडत नाही असं दिसलं.

असा हा माझा हिरवा औषधोपचार बुडाला. म्हणून, दाजी, आपल्याला हे लिहिण्याचं कारण. डॉक्टरांचा सल्ला तर पाळलाच पाहिजे. आपल्या मळ्यातली थोडी भाजी एसटीच्या पार्सलनं पाठवता आली तर मोठे उपकार होतील. थोडी म्हणजे जुडी-दोन जुड्या नकोत, त्यानं माझ्या पोटाचं काय होणार? पोतंभर बरी. पानंच पाहिजेत असं नाही. देठ, मुळं, पिवळी पडलेली, किडकी, कशीही चालतील. धुतली नाहीत तरी चालतील. आपण कडेला लसूणघास लावला आहे असं अक्का म्हणत होती. तोही चालेल. चोथा महत्त्वाचा, असं डॉक्टर म्हणालेच आहेत. आणि एकदाच पाठवून भागणार नाही, पाऊस पडेपर्यंत रोज लागेल. एवढं पार्सल रोज एसटीनं पाठवणं आपल्याला जिकिरीचं होईल, हे मला समजतं. त्यापेक्षा खाणाऱ्यालाच तिकडे पाठवलं तर कसं, असाही एक विचार मनात येतो. आपला काय विचार आहे ते कळवावं.

गुडघ्याला जपावं. रात्री थंडीत मळ्यात फिरू नये. मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सिद्धलिंग

ता. क. खोटं लिहून हात जड झाला, म्हणून खरं लिहितो. माझं पोट उत्तम आहे. येळवशीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे ते असं मोकळं झालं की ऑफिसात पोचलो तर माझं तोंड बघून व्यंकटीनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना चहा सांगितला. डॉक्टर म्हणतात, आंबिलीनं आतडी जागी झाली, ताकासारखं औषध नाही. शिवकांता म्हणते, काठी खाली ठेवली त्याचं फळ. कुणाचं का असेना, भाजीची गरज मला नाही.

ता. क. दुसरा. जनावर दारात बांधायचं नाही हा आपला नियम मला माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात आपण फलाटावर चहा पीत असताना एका गाईनं आपली हिरवी झेंडी खाल्ली आणि गाडी खोळंबली, ही गोष्ट आपण प्रत्येक लग्नात सांगता, आम्ही प्रत्येक वेळी हसतो. पण त्या गाईला मारायला उचललेला हात तिच्या बरगड्या बघून आपण खाली घेतला आणि आपल्या डब्यातल्या भाकरी तिला चारल्या, हे आपण कधी सांगत नाही. ते अक्कानं मला सांगितलं. दलाल रविवारी येणार होता. त्याला आता रिकामं दावं दिसेल.

ता. क. तिसरा. परवानगीची वाट बघायला वेळ नव्हता, क्षमा असावी. डाळीचा एक ट्रक नांदेडला निघाला आहे. त्यात वानेरी आहे, सोबत नागुबाई आहे आणि हे पत्रही तिच्याच हाती आहे. म्हणजे आपण हे वाचत असाल तेव्हा ट्रक दारात उभा असेल. पाऊस लागला की मी स्वतः येऊन गाय परत आणीन. अक्काला पत्र दाखवू नका असं वर लिहिलं, ते आपल्या समाधानासाठी. तिच्याशी निरोपानं सगळं आधीच ठरलं आहे, तिनं जुना गाडीखाना कालच झाडून ठेवला आहे.

ता. क. शेवटचा. ट्रकमधून ओढू नये, ढकलू नये, ती घाबरते. फळी लावावी, हातात थोडा लसूणघास धरावा आणि "ओलगे ओलगे, सालम पलगे" अशी मोठ्यानं आरोळी द्यावी. ती आपणहून उतरून आपल्याकडे चालत येईल. मोठ्यानंच द्यावी, दाजी. तिला वाटलं पाहिजे, आबा आला.